पाव टाकी

फेरीवाले म्हटलं की ऐकणारा आधी विचारतो, "काय विकतात?" पण आमचे फेरीवाले हे एकच गृहस्थ, आणि ते काहीही विकत नाहीत. ते फेऱ्या मारतात. बंदराच्या यार्डात, तारेच्या कुंपणाच्या आत, लोकांच्या गाड्या घेऊन गोल गोल फिरायचं आणि टाकीतलं पेट्रोल जाळून टाकायचं, ही त्यांची नोकरी. नोकरी म्हणजे अगदी रीतसर, पिवळं जाकीट, गळ्यात ओळखपत्र, वर्षाकाठी रजा वगैरे.

त्याचं असं आहे की, समुद्रापार जाणारी गाडी जहाजात चढवायची तर तिच्या टाकीत पेट्रोल पाव टाकीच असावं लागतं. जास्त नको, कारण आगीची भीती. फार कमीही नको, कारण पलीकडे पोचल्यावर गाडीला जहाजातून स्वतःच्या चाकांनी बाहेर यायचं असतं. हे सगळ्यांना आधी सांगितलेलं असतं. पण काही माणसांना सांगून कळत नाही, ती टाकी गळ्यापर्यंत भरून आणतात. आता कुणीही म्हणेल, नळी घाला आणि काढून घ्या. तर यार्डात उघडं पेट्रोल काढायला सक्त मनाई आहे. जाळायला मात्र मनाई नाही. हा नियम ज्याने केला त्याच्या डोक्याला लांबूनच नमस्कार, पण फेरीवाल्यांची चूल त्याच्याच कृपेने पेटते.

पेट्रोल काय, कुणीही जाळेल, असं वाटत असेल तर ते चूक आहे. यार्डात वेग वाढवायला बंदी, त्यामुळे नवखा माणूस दिवसभर फिरला तरी काटा ढिम्म हलत नाही. फेरीवाल्यांची गोष्ट वेगळी. ते पहिल्या गिअरमध्ये गाडी रडवत ठेवतात, एसी आणि हीटर एकदम लावतात, दिवे लावतात, काचेवर थेंब नसताना वायपर चालू करतात आणि चारी काचा खाली घेतात. गाडीत एकाच वेळी उन्हाळा, हिवाळा आणि पावसाळा सुरू असतो आणि मधे फेरीवाले शांतपणे शिटी वाजवत बसलेले असतात. त्यांच्या बायकोने सुरुवातीला लोकांना 'हे ऑइल कंपनीत आहेत' असं सांगून पाहिलं. मग 'एक्स्पोर्टमध्ये' असं सांगून पाहिलं. शेवटी एका नणंदेने खोदून खोदून विचारल्यावर ती वैतागून म्हणाली, "पेट्रोल जाळतात. घरात माझा जीव आणि बाहेर पेट्रोल."

यार्डात फिरण्याची दिशा एकच, उजवी. इतकी वर्षं उजवीकडेच वळल्यामुळे फेरीवाल्यांच्या लेखी जगाची डावी बाजू जवळजवळ बंद पडली आहे. भाजी आणायला पाठवलं तर ते उजव्या हाताच्या दुकानांत जे मिळेल ते घेऊन येतात. डाव्या हाताला बाजारातली सगळ्यात ताजी भाजी असली तरी तिच्याकडे ते परक्या घरात डोकावल्यासारखं बघतात आणि पुढे जातात. बायको म्हणते, "बरं झालं, आमचं घर उजवीकडे होतं. नाहीतर हा माणूस मला मिळालाच नसता." हे ती कौतुकाने म्हणते की कपाळाला हात लावून, ते त्या दिवशीच्या भाजीवर अवलंबून असतं.

तर या फेरीवाल्यांच्या हाती एक दिवस एक निळी गाडी आली. जुनी, पण नीट ठेवलेली. यार्डात शिरताना ती एक आजोबा चालवत होते. अंगात बटणं गळ्यापर्यंत लावलेला खाकी कोट, पाठ ताठ. पुढे कळलं की ते एका उंच ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चालवायचे आणि आता निवृत्त झाले होते. गाडी त्यांच्या मुलाची. मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला होता आणि आता त्याने गाडी मागवून घेतली होती.

गाडीची सगळी तयारी आजोबांच्या डोळ्यांदेखत झाली. धुणाऱ्यांनी चाकांच्या आतून, पोटाखालून, पायपुसण्यांच्या धाग्यांतून माती काढली, कारण तिकडच्या देशाला आपली गाडी चालते, आपली माती चालत नाही. अँटेना काढून ठेवली, आरसे मिटले. डिकीतली छत्री, जुनं फडकं, काचेवर लटकणारी सुगंधी डबी, सगळं बाहेर. गाडी रिकामी हवी म्हणजे रिकामीच हवी. तपासनीस ओरखड्यांचे फोटो काढू लागला, तेव्हा आजोबा प्रत्येक ओरखड्याशी थांबून त्याची ओळख करून देऊ लागले. "हा आमच्या इमारतीच्या खांबाचा. पोरगं नवीन शिकत होतं. हा माझा, ते विचारू नका." तपासनिसाने विचारलं नव्हतंच.

मग कस्टमचा शिक्का बसला. सगळं आटोपलं, असं वाटत असताना मुकादमाने गाडीत डोकं घालून काटा पाहिला आणि डोकं बाहेर काढून आजोबांकडे पाहिलं.

"आजोबा, टाकी भरलीत?"

"गच्च," आजोबा अभिमानाने म्हणाले. "परक्या गावात पोरगं पंप कुठे शोधत बसेल?"

मुकादमाने एक मोठा श्वास घेतला आणि आरोळी ठोकली, "फेरीवाले!"

जहाज त्याच संध्याकाळी सुटणार होतं. त्याचा मागचा दरवाजा, गाड्या आत घेण्यासाठी धक्क्यावर टेकवलेला, यार्डातून स्पष्ट दिसत होता. दरवाजा वर उचलला गेला की संपलं. फेरीवाले बसले, एसी लावला, हीटर लावला, वायपर लावले. तेवढ्यात आजोबा म्हणाले, "मागच्या सीटवर माझा चष्मा राहिलाय वाटतं." दार उघडून ते आत शिरले, दार लावून घेतलं आणि सीटवर टेकून बसले. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

"आजोबा, उतरता ना?"

"चला तुम्ही ड्रायव्हरसाहेब. मी काही मध्ये मध्ये बोलत नाही."

हे साफ खोटं निघालं. पहिली फेरी पुरी होताच मागून खणखणीत आवाज आला, "पहिला मजला!" दुसऱ्या फेरीला, "दुसरा मजला!" जन्मभराची सवय, ती कोट काढला म्हणून थोडीच जाते, आणि इथे तर कोटही काढलेला नव्हता. फेरीवाल्यांना आधी हसू आलं, मग बरं वाटायला लागलं. इतकी वर्षं फिरत होते, पण आपण कुठे पोचतोय असं त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"तुम्ही जन्मभर वर-खाली," फेरीवाले म्हणाले.

"आणि तुम्ही गोल," आजोबा म्हणाले. "पुढे कोणीच गेलं नाही म्हणायचं."

फोन वाजला. आजोबांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन कायम मोठ्या आवाजावर. मुलगा बोलत होता. "बाबा, गाडी चढली का? नाही? घासली वगैरे नाही ना कुठे? आत काही ठेवू नका हं, एक कागदसुद्धा. मीटिंगमध्ये जातोय, ठेवतो." फोन ठेवला गेला. आजोबांनी तो काही वेळ कानाशीच धरून ठेवला.

"मुलगा काळजीत आहे," फेरीवाले म्हणाले, काहीतरी म्हणायचं म्हणून.

"गाडीच्या," आजोबा म्हणाले.

आणि मग त्यांनी सांगून टाकलं. बायको जाऊन बराच काळ झाला होता. घरात ते एकटेच. मुलाने महिन्यामागे फोनवर म्हटलं, बाबा, मला इथे करमत नाही. आजोबांचा जीव हरखला. आता म्हणेल, तुम्ही या. मुलगा म्हणाला, "माझी गाडी पाठवून द्या."

"मला वाटलं, पुढे आणखी काही बोलेल. गाडी आली की ती चालवायला कोणी, बाजूला बसायला कोणी... तर फोन ठेवला." आजोबांनी काच वर केली, खाली केली. "एकदा 'या' म्हणाला असता ना, तर मी गेलोही नसतो. मला कुठे ती थंडी झेपणार? पण म्हणायला हवं होतं. पाचवा मजला."

फेरीवाल्यांनी वायपर बंद केले. काय कारण होतं कोण जाणे, पण काचेवरची ती उगीचची फडफड त्यांना नकोशी झाली.

इतक्यात मुकादम कस्टमच्या साहेबांना घेऊन रस्त्यात आडवा आला. साहेब तरुण होते, इस्त्रीचे होते आणि त्यांनी नियम पाठ केलेले होते. त्यांनी वाकून मागच्या सीटकडे पाहिलं.

"हे कोण?"

"गाडीच्या मालकाचे वडील," मुकादम म्हणाला. "उतरत नाहीत."

"त्यांना गाडीत बसताच येणार नाही," साहेब म्हणाले. "शिक्का बसलाय. ही गाडी निर्यात झाली. नियमाप्रमाणे ती देशाबाहेर गेलेली आहे."

आजोबांनी सीटवर हात फिरवून पाहिला. "इथेच तर आहे."

"इथे दिसते. आहे ती बाहेर."

"मग मी कुठे आहे?"

साहेबांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "तुम्ही गाडीत आहात, म्हणजे... बाहेर. पासपोर्ट आहे का?"

"नाही."

"मग तुम्ही बाहेर जाऊ शकत नाही."

"म्हणजे मी गाडीत नाही," आजोबा म्हणाले. "मग उतरवताय कोणाला?"

मुकादमाने तोंडावर हात ठेवला. साहेब मात्र खरोखरच विचारात पडले होते. "तुम्हाला उतरवायचं म्हणजे तुम्ही परदेशातून आत येताय, असं होईल. माणसांचं काम विमानतळावर चालतं. आमच्याकडे फक्त माल." मग त्यांची नजर फेरीवाल्यांवर गेली. "आणि तुम्ही? तुम्ही रोज असे आत-बाहेर करता?"

"चहालाही येतो मधून," फेरीवाले म्हणाले. पण त्यांचा आवाज हलला होता. म्हणजे इतकी वर्षं आपण रोज परदेशी जात होतो! नुसता एक देश नव्हे, कधी कधी दुपारच्या डब्याआधी दोन-तीन. आणि घरी मेहुणा एकदाच कुठल्याशा बेटावर जाऊन आला, तर त्याचे फोटो अजून संपत नाहीत. संध्याकाळी बायकोला काय सांगायचं, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"मी काही पाहिलं नाही," साहेब म्हणाले आणि जायला निघाले. चार पावलं जाऊन ते वळले आणि आजोबांना म्हणाले, "पण जहाजात चढायच्या आत आत या. म्हणजे, बाहेर या. म्हणजे, उतरा." मग ते खरंच गेले.

फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. काटा अर्ध्यावर आला होता. आणि इथे फेरीवाल्यांनी एक गोष्ट केली, जी त्यांनी नोकरीत कधीच केली नव्हती. त्यांनी हीटर बंद केला. एसी बंद केला. दिवे मालवले. काचा वर घेतल्या. दुसरा गिअर टाकला, आणि पायाखाली अंडं ठेवल्यासारखा ॲक्सिलरेटर दाबत ते निघाले. जन्मात पहिल्यांदा ते पेट्रोल वाचवत होते. जमतं की नाही, हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं, पण जमत होतं. काटा जागचा हलेना. गाडीत इतकं शांत झालं की आजोबांचा श्वास ऐकू येऊ लागला.

"तुम्ही दमलात का ड्रायव्हरसाहेब?"

"नाही हो. जरा सावकाश जाऊ. आपल्याला कुठे जायचंय!"

ही दया म्हणायची की बेइमानी, याचा फेरीवाल्यांनी विचार केला नाही. या म्हाताऱ्याला त्या फोनची वाट बघायला आणखी थोडा वेळ मिळावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. काटा पावावर आला की गाडी जाणार, आणि गाडी एकदा गेली की मुलाला फोन करायला कारणच उरणार नाही. आजोबांना हे कळत होतं. म्हणूनच ते बसले होते.

मुकादमाला हा घोळ कळायला वेळ लागला नाही. तो गाडीच्या बरोबरीने चालू लागला. धावावं लागत नव्हतं, इतका वेग कमी होता. "अहो फेरीवाले, काय चाललंय? काटा का हलत नाही? बोट काय तुमच्या सासऱ्यांची आहे थांबायला?"

"गाडी पेट्रोल कमी खाते," फेरीवाले म्हणाले. "चांगली ठेवलीय."

"तुमच्या हातात बैलगाडी दिली तरी ती पेट्रोल खाईल! एसी लावा. हीटर लावा. लावा माझ्यासमोर!"

मुकादम सांगत राहिला आणि फेरीवाल्यांना एकेक बटण दाबावं लागलं. पुन्हा तिन्ही ऋतू सुरू झाले. मधे फोन वाजला. आजोबा इतक्या घाईने उचलायला गेले की तो सीटखाली पडला. मुलाने विचारलं, "चढली का?" आजोबा म्हणाले, "अजून नाही रे. तू बरा आहेस ना?" मुलगा म्हणाला, "हो, हो. चढली की सांगा." आणि ठेवला. त्यानंतर आजोबांनी मजले सांगणं बंद केलं. फेरीवाल्यांनी दोन फेऱ्या वाट पाहिली, मग स्वतःच हळूच म्हटलं, "कितवा आला?"

काटा पावावर आला. अगदी रेषेवर. मुकादमाने डोकं घालून पाहिलं, गाडी तयार म्हणून काचेवर चिकटपट्टी लावली आणि मागचं दार उघडलं. "चला आजोबा. झालं आता. दरवाजा उचलतील."

आजोबा हलले नाहीत. हट्टाने नव्हे. त्यांना उठताच येत नसावं, असे ते बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोरच्या सीटच्या पाठीवर. मुकादम वाईट माणूस नव्हता, पण त्याला बायकामुलं होती आणि जहाजाचे लोक धक्क्यावरून शिट्ट्या फुंकत होते. त्याने फेरीवाल्यांकडे पाहिलं. फेरीवाले मागे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि तेही डावीकडून. मान कचकन वाजली.

"आजोबा, साहेब काय म्हणाले ते ऐकलंत ना? तुम्ही परदेशात आहात. मग मुलाला तसं कळवा की. एवढे आलात, आणि त्याला पत्ता नाही."

त्यांनी हे गमतीनेच म्हटलं होतं, म्हातारा जरा हसेल आणि उतरेल म्हणून. आजोबा हसले नाहीत. त्यांनी फोन काढला, दोनदा चुकीचं बटण दाबलं आणि तिसऱ्यांदा लागला.

"बोला बाबा. चढली ना गाडी?"

"गाडीचं राहू दे. मी आलोय."

"कुठे?"

"परदेशात. साहेबांनीच सांगितलं. आता उतरा म्हणतायत, पण कागद नाहीत माझ्याकडे."

पलीकडे एकदम खुर्ची आपटल्याचा आवाज झाला.

"बाबा! एकटे आलात? कुणाबरोबर... थांबा, थांबा. जिथे आहात तिथेच थांबा. कुठेही सही करू नका. अंगात स्वेटर आहे का?"

"कोट आहे."

"तो खाकी? बाबा, इथे केवढी थंडी आहे! काही खाल्लंत का? आत बसवा म्हणावं त्यांना, बाहेर उभं करू नका म्हणावं. सांगा, माझा मुलगा येतोय. मी निघालो, बाबा. निघालोच." कोणीतरी त्याला परक्या भाषेत काहीतरी विचारलं. त्याने आपल्याच भाषेत ओरडून उत्तर दिलं, "माझे बाबा आलेत!" आणि मग धाडधाड पावलांचा आवाज येऊ लागला.

आजोबांनी कान टवकारले. "जिन्याने उतरतोय," ते कुजबुजले. "लिफ्टला थांबला नाही."

आजोबा, फेरीवाले आणि मुकादम, सगळे तो आवाज ऐकत होते. जहाजावरची शिट्टी वाजली, कोणी लक्ष दिलं नाही. पावलं थांबली, दार ढकलल्याचा आवाज आला, वारा आला. मुलगा धापा टाकत होता.

"बाबा, ऐकताय ना? इथे टॅक्सी दिसत नाहीये. आणि माझी गाडी... गाडी नाही ना माझ्याकडे. हरकत नाही. मी चालत निघालोय. मिळेल पुढे काहीतरी. तुम्ही फक्त हलू नका तिथून."

आजोबा हलले. दार मुकादमाने उघडून धरलेलंच होतं. फोन छातीशी धरून ते बाहेर आले, खाकी कोट झटकून नीट केला आणि उभ्या उभ्याच मुकादमावर खेकसले, "अहो, बघत काय राहिलात? चढवा लवकर गाडी! पोरगं तिकडे पायी निघालंय!"